आधी पत्रपेटीवर नाव लाव

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका मुलीनं विचारलं आहे. एम. एस. युनिव्हर्सिटीतून मेकॅनिकल केलं, आता मास्टर्ससाठी जर्मनीत माग्डेबुर्गच्या ऑटो फॉन गेरिके विद्यापीठात निघाली आहे. विमान अहमदाबादहून. शुक्रवारी, 2 ऑक्टोबरला संध्याकाळी बर्लिनला उतरायचं आणि तिथून रात्रीच्या गाडीनं पुढे. विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळाली आहे, करार 1 ऑक्टोबरपासूनचा. घरातलं कुणीच कधी परदेशी गेलेलं नाही. तिचा प्रश्न असा : "पहिल्या आठवड्यात नेमकं काय करायचं? प्रत्येक जण वेगळं सांगतो. त्या गावाचं नावही आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही. आईला तर झोपच लागत नाहीये."

मीही बडोद्याहूनच गेले होते. आता सतरा वर्षं इथे जर्मन शिकवते आहे आणि दर वर्षी दहा-पंधरा मुलं माझ्या डोळ्यांसमोरून तिकडे जातात. कोण कुठे अडकलं हे मला पाठ झालं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी तिकीट बदल. आजच बदल, बॅगा नंतर भर.

3 ऑक्टोबर हा जर्मनीच्या एकीकरणाचा दिवस. 1990 साली पूर्व आणि पश्चिम जर्मनी एक झाले तेव्हापासून त्या दिवशी देशभर सुट्टी असते. यंदा तो शनिवारी आला आहे आणि दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी तिकडे किराणा, कपडे, भांडी, सगळी दुकानं बंद. मोठ्या स्टेशनातलं एखादं दुकान उघडं असतं, तेवढाच आधार. वसतिगृहाची किल्ली हाउसमाइस्टर देतो, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस. त्याच्या वेळा कामाच्या दिवशी, त्याही ठरावीक तासांच्या. तू शुक्रवारी रात्री दहाला दोन बॅगा ओढत दारात उभी राहशील तेव्हा तो कधीच घरी गेलेला असेल आणि सोमवारी सकाळीच परत येईल. म्हणजे तीन रात्री हॉटेलात, तेही दुकानं बंद असताना. माझी एक विद्यार्थिनी अशाच सुट्टीत पोचली होती. दोन दिवस तिनं आईनं दिलेल्या दशम्या आणि नळाचं पाणी यांवर काढले. नळाचं पाणी पिण्यालायक असतं, त्याची काळजी नाही. पण नव्या देशातले पहिले दोन दिवस असे जाऊ नयेत.

बुधवारी, 30 सप्टेंबरला दिवसाउजेडी उतर. एक रात्र युथ हॉस्टेलमध्ये काढ. करार 1 तारखेपासून आहे, त्यामुळे आदल्या दिवशी किल्ली मागून मिळणार नाही. गुरुवारी सकाळी किल्ली घे, म्हणजे गुरुवार-शुक्रवार असे दोन कामाचे दिवस हातात येतात आणि सुट्टी लागायच्या आत घरात तांदूळ-डाळ आणि अंगावर पांघरूण असेल. तिकीट बदलायला जे पैसे पडतील ते तीन रात्रींच्या हॉटेलपेक्षा जास्त नसावेत.

पांघरुणाचं मुद्दाम सांगते. वसतिगृहाच्या खोलीत पलंग, गादी, टेबल, कपाट असतं. उशी, दुलई, चादर बहुधा नसते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला रात्री चांगलाच गारठा असतो. घरातली गोधडी किंवा एक शाल हातातल्या बॅगेत ठेव, मोठ्या बॅगेत नको, कारण मोठी बॅग एखाद दिवस उशिरा येऊ शकते. आणि किल्ली हातात आली की सामान उघडायच्या आधी खोलीचे फोटो काढ : भिंतीवरचे ओरखडे, सिंकचा तडा, खिडकीचं हँडल, गादीवरचे डाग. खोली ताब्यात घेताना जो कागद भरून घेतात त्यात हे सगळं लिहून घे. दोन वर्षांनी खोली सोडताना तुझी अनामत रक्कम याच कागदावर ठरेल.

आता खरं महत्त्वाचं. पहिल्या दिवशी, खोलीत दिवा लावायच्याही आधी, खाली पत्रपेटीवर आणि बेलवर तुझं नाव लाव.

आपल्याकडे दांडिया बाजारात अमक्यांच्या वाड्यात मागच्या बाजूला, एवढं लिहिलं तरी पत्र पोचतं, कारण पोस्टमन तीन पिढ्या ओळखत असतो. तिकडे पत्त्यात बहुधा रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि पिनकोड एवढंच. फ्लॅटचा नंबर लिहायची पद्धत नाही. पोस्टमन खालच्या पेट्यांवरची नावं वाचतो आणि त्याप्रमाणे पत्रं टाकतो. नाव नसेल तर त्याच्या हिशेबी तू तिथे राहत नाहीस, पत्र परत. माझ्या वेळी मला हे कुणी सांगितलं नव्हतं. माझं बँकेचं कार्ड एका पाकिटात आलं, पिन दुसऱ्या पाकिटात, आणि दोन्ही परत गेली. मी मात्र बँकेत जाऊन विचारत राहिले आणि ते सांगत राहिले की आम्ही पाठवलं आहे. तीन आठवडे शेजारच्या बांगलादेशी मुलीकडून उसने पैसे घेऊन काढले. शेवटी तिनंच मला हाताला धरून खाली नेलं आणि आधीच्या भाडेकरूच्या नावाची पट्टी दाखवली. वहीचा कागद फाडून, त्यावर नाव लिहून, वर पारदर्शक चिकटपट्टी लावली, तेव्हा पुढच्या चार दिवसांत सगळं आलं. म्हणून चिकटपट्टी आणि काळं मार्कर पेन हातातल्या बॅगेत असू दे. वसतिगृहाकडे स्वतःच्या छापील पट्ट्या असतील तर हाउसमाइस्टर लावून देतो, पण तो देईपर्यंत कागदाची पट्टी असलेली बरी. आणि सामायिक फ्लॅट असेल तर पेटीवर इतरांची नावं असतातच, त्यांच्याखाली तुझं.

नाव पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात जसं छापलं आहे तसंच हवं, स्पेलिंगसकट. आपल्या पासपोर्टवर तुझं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात येतं, तर तिकडचे लोक वडिलांचं नाव हे तुझंच दुसरं नाव समजतात. एखादं पत्र वडिलांच्या नावानं सुरू झालेलं दिसलं तरी दचकू नको, ते तुझंच आहे.

पत्त्यावर मी एवढा भर देते आहे, कारण तिकडे बाकीची कामं त्यालाच टांगलेली असतात. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पालिकेच्या नागरिक कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाची सही असलेलं एक पानभर पत्र लागतं, त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. लांबलचक आहे खरं, पण तुकडे केले तर सोपं : वोनुंग म्हणजे घर, गेबर म्हणजे देणारा, बेश्टेटिगुंग म्हणजे पुष्टी. वसतिगृहात हे पत्र करारासोबतच मिळतं, नाही मिळालं तर किल्ली घेतानाच माग. ते पत्र, पासपोर्ट आणि भरलेला अर्ज घेऊन जायचं, पण आधी वेळ घेऊन. वेळ घेणं म्हणजे टेर्मिन, आणि हा शब्द तू पहिल्या आठवड्यात शंभरदा ऐकशील. बडोद्यातूनच, निघायच्या पंधरा दिवस आधी पालिकेच्या संकेतस्थळावर टेर्मिन घेऊन ठेव. ऑक्टोबरात सगळी विद्यापीठं एकदमच भरतात, मग जागा मिळत नाही. नाहीच मिळाली तर सकाळी कार्यालय उघडायच्या सुमाराला पुन्हा बघ, रद्द झालेल्या वेळा तेव्हा मोकळ्या होतात.

ज्यांना अजून खोली मिळालेली नाही अशी मुलं हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी : महिनाभराची सोय म्हणून खोली घेताना पहिला प्रश्न हाच विचारा की पत्ता नोंदवायला पत्र देणार का. अनेक जण देत नाहीत, आणि मग पुढचं सगळं लटकतं. तसंच, "मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरियरनं येईल" असं लिहिणाऱ्या कुठल्याही मालकाला एक युरोही पाठवू नका. फोटो कितीही सुंदर असोत, ती फसवणूकच असते. आपल्या बडोद्यातल्याच एका घरातून असे पैसे गेलेले मी पाहिले आहेत. वडिलांनी त्यासाठी सोनं मोडलं होतं.

नोंदणीचा कागद हातात आला की बँकेचं खातं, आणि खातं झालं की ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे सुटू लागतात. सध्या व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो अडकवून ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्याला 992 युरोच मिळतात. घरच्यांना वाटतं पैसे भरले, आता काळजी नाही. पण पहिला हप्ता हातात पडायला दोन-तीन आठवडे सहज जातात, आणि नेमकं त्याच काळात अनामत, पहिलं भाडं, दुलई, भांडी हे सगळं येतं. फॉरेक्स कार्ड आणि रोख मिळून किमान दीड हजार युरो जवळ ठेव, त्यातले दोनशे सुट्या नोटांत. आणि इथलं सिमकार्ड बंद करू नको. त्यावर रोमिंग चालू करून घे, कारण भारतातल्या बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येणार. विमानतळावर नवं सिम घालून जुनं कुठे तरी ठेवून दिलेली मुलं मला रात्री-अपरात्री फोन करतात.

आरोग्य विमा आधीच घेतला असशील, नाही तर विद्यापीठ प्रवेशच पक्का करत नाही. तिकडे गेल्यावर तो सुरू झाला आहे ना एवढं तपास आणि कार्डासाठी त्यांना नवा पत्ता कळव. व्हिसावरची शेवटची तारीख आजच वहीत लिही. ती संपायच्या आत परदेशी नागरिकांच्या कार्यालयात निवास परवान्याचा अर्ज गेलाच पाहिजे आणि तिथल्या वेळा महिना-दोन महिने पुढच्या मिळतात. म्हणून पहिल्या आठवड्यातच टेर्मिन माग, कागद नंतर गोळा कर.

नोंदणीनंतर काही दिवसांनी पेटीत एक पत्र येईल, रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं. महिन्याला 18.36 युरो. टीव्ही नाही म्हणून मुलं ते फेकून देतात आणि मग दंडासकट येतं. हे शुल्क टीव्हीवर नसून घरावर असतं, एका घराला एकच. सामायिक फ्लॅट असेल तर आधीच कुणी भरतं आहे का ते विचार, त्याचा क्रमांक कळव आणि तुझा वाटा त्याला दे.

बर्लिनहून माग्डेबुर्गला साध्या प्रादेशिक गाडीनं पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. तुझं विद्यार्थी तिकीट 1 ऑक्टोबरपासून लागू होईल, त्यामुळे 30 तारखेचं तिकीट वेगळं काढ. स्टेशनात फाटक नसतं, कुणी अडवत नाही, म्हणून तिकीट लागत नाही असं वाटतं. तपासनीस साध्या कपड्यात येतो आणि दंड 60 युरो.

आता बॅग. यात तुझ्या आईचं मन दुखावणार आहे, पण आधीच सांगितलेलं बरं. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, रावपुऱ्यातले पेढे नाहीत, श्रीखंडवडी नाही. ताजा कढीपत्ता, मिरच्या, लिंबंही नाहीत. कस्टम्सवाले बॅग उघडतात आणि सगळं समोरच कचऱ्यात टाकतात. डबा घरून भरून दिलेला असतो, तेव्हा ते बघवत नाही. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, पोहे, लीलो चिवडा, भाकरवडी, कोरड्या चटण्या हे खुशाल ने. तुपाचं म्हणशील तर तिकडचं बिनमिठाचं लोणी फार चांगलं असतं. अडीचशे ग्रॅमचं पुडकं आण, मंद आचेवर कढव, आईला व्हिडिओ कॉलवर रंग दाखव, ती सांगेल कधी उतरवायचं. माझ्या कितीतरी मुलींचं तिकडचं पहिलं स्वतःचं काम हेच असतं.

कुकर नेणार असशील तर बूड इंडक्शनचं हवं, साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. आणि फोडणी जपून. खिडकी पूर्ण उघड, झाकण हाताशी ठेव, मोहरी तडतडली की लगेच झाकून आच बंद. धुराचा अलार्म वाजला आणि अग्निशमन दल आलं तर त्याचं बिल तुझ्या माथी येऊ शकतं. तसंही रोज खिडकी पाच-दहा मिनिटं सताड उघडून हवा बदलायची तिकडे रीतच आहे, हिवाळ्यातही. नाहीतर भिंतीला बुरशी धरते. रात्री दहानंतर आवाज नको, आणि कचरा वेगळा करायचा : कागद, पॅकिंग, ओला, उरलेला. पहिल्या दिवशी शेजाऱ्याला विचार कोणता डबा कशाचा. ओळख करून घ्यायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही.

बोलण्याचं म्हणशील तर आपण मराठी माणसं तिथे एका बाबतीत सुदैवी. जर्मनमध्ये "झी" आणि "डू" असतं, आपल्या "तुम्ही" आणि "तू" सारखं. इंग्रजीतून जाणाऱ्यांना ते जड जातं, तुला आतून कळेल. कार्यालयात, दुकानात, हाउसमाइस्टरशी नेहमी झी. वर्गातली मुलं पहिल्या मिनिटालाच डू म्हणतील. प्राध्यापक स्वतः सुचवेपर्यंत झीच. जिन्यात, लिफ्टमध्ये कुणी भेटलं तर "गुटन टाग" म्हण.

आणि गावाचं नाव कुणी ऐकलेलं नाही असं म्हणतेस, तर आईला हे सांग. ज्याचं नाव तुझ्या विद्यापीठाला आहे तो ऑटो फॉन गेरिके याच गावात 1602 साली जन्मला. 1631 मध्ये युद्धात ते शहर बेचिराख झालं, त्यातून तो वाचला, इंजिनियर म्हणून शहर पुन्हा उभारायला राबला आणि पुढे तिथला नगराध्यक्ष झाला. त्यानंच हवा काढणारा पंप बनवला. तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना लावून आतली हवा काढली, आणि दोन्ही बाजूंनी घोडे जुंपले तरी ते सुटेनात, हा 1650च्या दशकातला प्रयोग तू शाळेत शिकली आहेस. त्या अर्धगोलांचं नावच माग्डेबुर्गचे अर्धगोल. मेकॅनिकलच्या मुलीनं याहून चांगलं गाव कुठलं शोधायचं? पहिल्या रविवारी सगळं बंद असेल तेव्हा एल्ब नदीच्या काठानं चालत कथीड्रलपर्यंत जा. 1209 साली बांधायला घेतलेलं ते कथीड्रल आहे, आत सम्राट ऑटो पहिला याची समाधी आहे. काही करायचं नाही, नुसतं चालायचं.

कारण चौथ्या-पाचव्या दिवशी रडू येईल. मी हे सगळ्यांना सांगते, मुलांनाही. पहिले तीन दिवस धावपळीत जातात, मग एका संध्याकाळी खोली आवरलेली असते, काम संपलेलं असतं, बाहेर अंधार लवकर पडलेला असतो आणि फोनवर बडोद्यातल्या मैत्रिणींच्या गरब्याच्या तयारीचे व्हिडिओ येत असतात. तू गणपती पोचवून निघते आहेस, नवरात्र तिकडे लागणार, आणि बडोद्याच्या मुलीला नवरात्रात बडोद्याबाहेर असणं काय असतं ते मला माहीत आहे. रडून घे. त्याचा अर्थ निर्णय चुकला असा नसतो. त्या संध्याकाळी तिकीट बघायचं नाही आणि घरी फोन करून "मला परत यायचंय" म्हणायचं नाही, एवढं पाळ. दुसऱ्या दिवशी सकाळी बोल.

आईसाठी फोनची एक वेळ ठरव. तिकडचे साडेपाच म्हणजे इकडचे रात्रीचे नऊ, जेवणं उरकलेली असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, मग साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो. त्या दिवशी फोन वेळेवर आला नाही म्हणून घरात घबराट होते, तेव्हा आईला आधीच कॅलेंडरवर लिहून दे. दिवसभर कॅमेरा चालू ठेवून घरच्यांसोबत राहणारी मुलंही मी पाहिली आहेत. त्यांना शेजारच्या खोलीतल्या माणसाचं नाव दोन महिन्यांनीही माहीत नसतं.

डॉ. आंबेडकर 1913 मध्ये न्यूयॉर्कला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, महाराज सयाजीरावांनी दिलेल्या. तिथल्या कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात ते आधी उतरले, पण तिथे फार दिवस राहिले नाहीत. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्यासोबत राहू लागले आणि ती मैत्री आयुष्यभर टिकली. पहिली खोली जमली नाही तर काही बिघडत नाही, हे सांगायला मला दर वर्षी हीच गोष्ट आठवते. भारतीय विद्यार्थ्यांचा गट तिकडे नक्की भेटेल, गरबाही होईल, जरूर जा. पण विद्यापीठाच्या ओळख-आठवड्यालाही जा, भाषा अडली तरी जा. तुझा नवल भथेना कदाचित व्हिएतनामचा असेल.

कामधंद्याची घाई पहिल्या महिन्यात नको. विद्यार्थ्याला वर्षातून 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं, ते पुढे आहेच. तातडीला 112, पोलिसांना 110, आणि रात्री ताप आला, दवाखाने बंद असले तर डॉक्टरसाठी 116117. हे तीन आकडे कागदावर लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेव, फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

तिकीट बदललंस की लगेच हाउसमाइस्टरला ईमेल टाक : नाव, खोली क्रमांक, गुरुवारी 1 ऑक्टोबरला सकाळी किती वाजता येते आहेस. वेळ अंदाजे लिहू नको. साडेनऊ लिहिलंस तर साडेनऊला दारात उभी राहा. मजकूर जर्मनमध्ये हवा असेल तर शनिवारी क्लासच्या वेळेत माझ्याकडे ये, आईलाही घेऊन ये. ती पट्टीही तेव्हाच लिहून ठेवू.